निकालबाई आणि पांढरा सदरा

राजघराण्याच्या पागेत शर्यतीचे घोडे पंचवीस होते आणि हरण्याची कारणं त्याहून जास्त होती. कधी मैदान ओलं असायचं, कधी फार कोरडं, कधी घोड्याचं मन लागलेलं नसायचं. ही कारणं सांगायला पगारी माणसं होती. खरा निकाल सांगायला मात्र कोणी नेमलेलं नव्हतं, म्हणून ते काम आपोआप धुलाईच्या बाईंकडे आलं.

बाई पागेमागच्या धुलाईघरात सव्वीस वर्षं काम करत होत्या. घोड्यांच्या झुली, पायांना गुंडाळायच्या पट्ट्या, घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारांचे गणवेश आणि जॉकीचा सदरा, सगळं त्यांच्या हातून जायचं. यातला जॉकीचा सदरा म्हणजे घराण्याची इभ्रत. घोडा कोणाचा ते लांबून कळावं म्हणून प्रत्येक मालकाच्या जॉकीला ठरलेल्या रंगाचा सदरा असतो. आताच्या महाराजांच्या पणजोबांनी आपल्या घराण्यासाठी निवडलेला रंग पांढराशुभ्र. रेशमी कापड, डाव्या खांद्यावर निळा पट्टा. चिखलातून दौडणाऱ्या घोड्यावर बसायच्या माणसाला पांढरं घालायचं हे ज्याला सुचलं, त्याने जन्मात स्वतःचा रुमाल धुतला नसणार, असं बाईंचं मत होतं आणि दर शर्यतीनंतर त्या ते नव्याने मांडत.

पण त्या पांढऱ्या रंगानेच त्यांना विद्या शिकवली. शर्यत त्यांनी एकदाही पाहिली नव्हती. रेसकोर्स दोन तासांवर, आणि शर्यतीच्या दिवशी इकडे झुलींचा ढीग पडलेला. पण सदरा हातात आला की बाईंना निकाल वाचता यायचा. पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडालेला चिखल मागच्या जॉकीच्या अंगावर येतो. पुढे जितके घोडे जास्त, तितका चिखल जास्त. नुसते खांदे माखलेले असले तर आपण तिसरे-चौथे. छाती भरली असली तर सहावे. आणि चिखल कॉलरच्या आत उतरला असला तर आपल्या मागे फक्त रुग्णवाहिका होती असं समजायचं. सव्वीस वर्षांत सदरा कोरा करकरीत परत आला तो तीनदा. त्यातल्या दोनदा घोड्याने सुरुवातीच्या फाटकातून बाहेर पडायलाच नकार दिला होता, आणि तिसऱ्यांदा जॉकी जिन्यावरून पडल्यामुळे शर्यतीला गेलाच नव्हता. पागेतले लोक बाईंना निकालबाई म्हणू लागले, आणि पुढे नवरासुद्धा कधीमधी चेष्टेने तेच म्हणू लागला.

हा नवरा पागेचा नालबंद. घोडे का हरतात हे त्याला खुरांवरून कळायचं, तेव्हा घरात एकूण विद्वत्ता बरीच होती. चाळीस वर्षांपूर्वी थोरल्या महाराजांच्या, म्हणजे आताच्या महाराजांच्या आजोबांच्या, एका घोड्याने एक मोठी शर्यत खरोखर जिंकली होती. त्या आनंदात महाराजांनी हुकूम काढला, की आता आपल्या पागेत बाहेरचं रक्त येणार नाही. मग त्या एका घोड्याच्या पोरांची, नातवंडांची, चुलत-मावस भावंडांची आपसात लग्नं लावत पागा वाढली. शिंगरं दिसायला चित्रासारखी. लांब मान, कपाळावर पांढरा टिळा, आणि पळणं हे नोकरमाणसांचं काम आहे अशी ठाम समजूत. राजवाड्याच्या लांब ओसरीत घराण्याची तैलचित्रं लावलेली होती, सात पिढ्यांची. सातही जणांची हनुवटी एकच होती, आणि त्यांच्यातही घाईत असलेला कोणी दिसत नव्हता. या घोड्यांचे खूर अरुंद आणि ठिसूळ. खिळा ठोकला की खपली निघायची आणि नालबंद मनातल्या मनात थोरल्या महाराजांना नमस्कार करायचे.

अपवाद एकच होता. कागदावर त्याचं नाव राजतेज, पागेत त्याला सुस्त्या म्हणत. तो पोटात राहिला त्या वर्षी वाऱ्याने लांबच्या कुरणाचं कुंपण आडवं झालं होतं. चार दिवस कोणाचं लक्ष गेलं नाही, आणि कुंपणापलीकडे एका भाजीवाल्याचा गाडीचा घोडा चरत असायचा. शिंगरू जन्मलं ते टणक, गोल खुरांचं. नालबंदांनी ते खूर एकदा हातात घेऊन पाहिले, रात्री जेवताना बायकोला सांगितलं आणि विषय तिथेच मिटवला. एका घरातून एकानेच खरं बोललेलं बरं, असं त्यांना वाटायचं.

कारण निकालबाई खरं बोलायच्या, आणि तेही थेट थोरल्या राणीसाहेबांशी.

राणीसाहेब म्हणजे आताच्या महाराजांच्या आई. सगळे त्यांना आईसाहेब म्हणत. नवऱ्यामागे पागा त्यांच्या नावावर होती. सहा वर्षांपूर्वी त्या पडल्या, कंबरेचं हाड मोडलं, आणि त्याच सुमारास नजरही गेली. तेव्हापासून शर्यतीचे निकाल सांगायला चिटणीस येऊ लागले. चिटणीस मनाने वाईट नव्हते. पहिल्यांदा त्यांनी आठव्या घोड्याला तिसरा केलं ते दयेपोटी. राणीसाहेब त्या दिवशी दोन घास जास्त जेवल्या. मग एकदा दुसरा झाला, मग पहिला झाला, आणि एकदा पहिला आलेल्या घोड्याला पुन्हा आठवा आणायचा तरी कसा? बघता बघता पागा सगळ्या शर्यती जिंकू लागली. पुरावा म्हणून कपाटातला एक जुना करंडक पुसून आणायचा, राणीसाहेबांनी तो चाचपून परत दिला की पुन्हा कपाटात ठेवायचा, असं चालू झालं.

राणीसाहेबांचे डोळे गेले होते, अक्कल शाबूत होती. एक दिवस त्यांनी धुलाईच्या बाईंना बोलावून घेतलं.

"आपले घोडे एवढे जिंकतात, तर त्यांच्याकडे बाहेरची एकसुद्धा घोडी का येत नाही गं?" त्यांनी विचारलं. "जिंकणाऱ्या घोड्याच्या दारात लोक आपापल्या घोड्या घेऊन रांग लावतात. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी पाहिलंय."

बाईंनी खाली बघितलं. फरशी स्वच्छ होती, तिथे काही मदत नव्हती.

"तुला निकालबाई म्हणतात ना? मग यापुढे सदरा धुवायच्या आधी मला आणून द्यायचा. आणि कोणाला सांगायचं नाही."

आता कोणाला सांगायचं नाही म्हटलेली गोष्ट राजवाड्यात चार दिवसांत सगळ्यांना कळली, पण रीत पडली. शर्यतीच्या दिवशी संध्याकाळी निकालबाई परडीत सदरा घेऊन राणीसाहेबांच्या खोलीत जायच्या. पलंगाशेजारी स्टूल ठेवलेलं असायचं. राणीसाहेब बोटांनी वाळलेला चिखल चाचपायच्या, नखाने खरवडून बघायच्या.

"छाती भरलीय. सातवा?"

"कॉलर बघा, आईसाहेब."

"अगं बाई! आठवा?"

"हो. आणि धावत होते आठच."

मग दोघी हसायच्या. थोड्या वेळाने चिटणीस करंडक घेऊन यायचे, विजयाचं वर्णन करायचे, आणि राणीसाहेब "वा, छान" म्हणून ऐकून घ्यायच्या. सगळ्या वाड्यात माझ्याशी खरं बोलणारी तू एकटीच, असं त्या बाईंना एकदा म्हणाल्या होत्या. बाईंना त्याचा फार अभिमान होता. धुतलेल्या कपड्यांचा कोणी कधी अभिमान धरत नाही, तेव्हा निदान हा तरी हक्काचा होता.

ही मजा चालू असताना महाराजांनी पागा विकायचं काढलं. घोड्याच्या जवळ गेलं की महाराजांना शिंका यायच्या. त्यांना त्या जागेवर गोल्फचं मैदान करायचं होतं. गोल्फचा चेंडू चारा खात नाही, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्यात खोटं काही नव्हतं. कागद तयार झाले, फक्त राणीसाहेबांची सही राहिली. राणीसाहेबांनी मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं, "मोसमाची शेवटची शर्यत होऊ दे. जिंकलो तर मी जिवंत असेतो पागा राहील. हरलो तर सही करीन. आणि निकाल मी सदऱ्यावरून ठरवीन, तुझ्या चिटणीसावरून नाही."

त्या घटकेपासून निकालबाईंचं महत्त्व इतकं वाढलं की त्यांना नकोसं झालं. मोतद्दार वाटेत उगाच नमस्कार करू लागले. धुलाईघराच्या खिडकीत कोणीतरी साबणाच्या नव्या वड्या ठेवून गेलं. चिटणीस तर एकदा स्वतः आले आणि छताकडे बघत म्हणाले, "बाई, पाणी वगैरे नीट येतं ना इथे? शर्यतीच्या दिवशी कमी पडायला नको."

पागेच्या मागे दोन खोल्या आणि त्यांना लागून भट्टी, एवढं बाई आणि नालबंदांचं घर. नोकरी गेली की घर जाणार. साठीला टेकलेल्या नालबंदाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? एका सकाळी नालबंद शिडी लावून घराचं गळकं छप्पर दुरुस्त करू लागले. तीन वर्षं बाई त्या छपरासाठी त्यांच्या मागे लागल्या होत्या. आता ते वर बसून एकेक पत्रा ठोकत होते, जणू पत्रा पक्का बसला की मुक्कामही पक्का होईल. बाईंनी खालून ते पाहिलं आणि शिडी घट्ट धरली.

शेवटच्या शर्यतीला सुस्त्याला उतरवायचं ठरलं, कारण बाकीचे खोकत होते. आदल्या दिवशी पाऊस होऊन मैदानाचा चिखल झाला होता. नालबंद घोड्याबरोबर गेले. दुपारी उशिरा मोटार आली, आणि ड्रायव्हरने जॉकीची पिशवी दारातच बाईंच्या हातात दिली. बाकीची मंडळी घोड्याला घेऊन मागून सावकाश येणार होती.

"कितवा?" बाईंनी न राहवून विचारलं.

"मी कशाला विचारू?" ड्रायव्हर म्हणाला. "वीस वर्षं एकच उत्तर. पिशवी घ्या आणि पळा असं तिथले लोक म्हणाले, तसा आलो."

बाईंनी आत जाऊन पिशवी उघडली. सदऱ्यावर पांढरा धागा दिसत नव्हता. छाती, पोट, दोन्ही बाह्या, निळा पट्टा, सगळं एकाच रंगाचं. कॉलरच्या आत बोट घातलं तर ओला चिखल नखात आला. इतका वाईट सदरा सव्वीस वर्षांत आला नव्हता. बाई तो मांडीवर घेऊन बसल्या आणि रडल्या. आधी घरासाठी रडल्या. मग राणीसाहेबांशी आपण काय करणार आहोत ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यासाठीही रडल्या. मग उठून नळ सोडला.

चिखल वाळू द्यावा, झाडावा, मग गार पाणी लावावं, हा त्यांचा नियम. त्या दिवशी नियम पाळायला वेळ नव्हता. तीन पाण्यांतून सदरा काढला, साबण लावला, पुन्हा दोन पाणी. टॉवेलमध्ये गुंडाळून पिळला आणि उरलेली ओल इस्त्रीने मारली. मग डोकं चालवलं. साबणाचा वास जावा म्हणून पागेत जाऊन एका म्हाताऱ्या घोडीच्या घामट मानेवर सदरा पुढून-मागून घासला. अगदीच कोरा दिसला तर संशय येईल, म्हणून पाठीवर खालच्या काठाला दोन शिंतोडे चिखल उडवला, कारण स्वतःच्या घोड्याचा चिखल पहिल्या जॉकीलाही चुकत नाही. इतकं नामी काम झालं की क्षणभर त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. मग परडी उचलली.

राणीसाहेब उशीला टेकून वाट बघत होत्या. केस नीट विंचरलेले, अंगावर चांगली शाल. बाई स्टुलावर बसल्या आणि सदरा त्यांच्या हातात दिला.

राणीसाहेबांची बोटं छातीवरून फिरली. थांबली. पुन्हा फिरली. चेहरा उजळला, एखाद्या मुलीचा उजळावा तसा. त्यांनी सदरा नाकाशी नेला, घोड्याचा वास घेतला. मग पाठ चाचपली, खालचे शिंतोडे सापडले, आणि त्यांनी मान डोलावली. बाईंच्या जिवात जीव आला. मग राणीसाहेबांचा हात खांद्यावरून बाहीवर उतरला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत एका रेषेवरून सरळ गेला. दुसऱ्या बाहीवरही तशीच रेष होती. सुरीसारखी धारदार.

सव्वीस वर्षं रोज बाह्यांना घडी पाडणाऱ्या हाताने, बाईंना न विचारता, याही बाह्यांना इस्त्रीची घडी पाडली होती.

"कितवा?" राणीसाहेबांनी हळूच विचारलं.

"पहिला, आईसाहेब."

राणीसाहेबांनी सदरा मांडीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

तेवढ्यात चिटणीस धावत आले. बुटांना चिखल, हातात करंडक, आणि धाप इतकी लागलेली की बोलता येईना. "आईसाहेब, जिंकला! राजतेज जिंकला! शप्पथ सांगतो, जिंकला!" ते दारातच उभे राहिले आणि चक्क रडायला लागले.

"आज अभिनय छान जमलाय, चिटणीस," राणीसाहेब म्हणाल्या. "रडणं नवीन आहे."

निकालबाईंनी करंडकाकडे पाहिलं. तो कपाटातला नव्हता. मोठा होता, नवा होता, त्याला दोन कान होते. त्यांनी चिटणिसांच्या तोंडाकडे पाहिलं.

"कसा जिंकला?" त्यांनी विचारलं.

"मागून, बाई! वळणापर्यंत सगळ्यांत शेवटी! सगळ्यांचा चिखल खाल्ला आणि मग एकेकाला मागे टाकत..."

मागे पडलेला आपला घोडा पुढे येऊ शकतो, हे निकालबाईंच्या विद्येत बसतच नव्हतं. तसं कधी घडलंच नव्हतं, तर त्या शिकणार कुठून?

बाई राणीसाहेबांच्या पायाशी बसल्या. "आईसाहेब, ऐका. सदरा चिखलाने भरला होता. मला वाटलं हरला, म्हणून मी धुतला. धुवायला नको होता. पण तो खरंच जिंकलाय. मागून येऊन जिंकलाय."

"मागून येऊन?" राणीसाहेब म्हणाल्या. "आपला घोडा?" आणि त्या हसल्या, पण नेहमीसारख्या नाही. "दोघांनी मिळून आधी ठरवायचं तरी."

चिटणिसांनी पुढे होऊन करंडक त्यांच्या हातात द्यायचा प्रयत्न केला. राणीसाहेबांनी हात मागे घेतले. बाईंनी शपथा घेतल्या. राणीसाहेब ऐकत राहिल्या, जशा त्या सहा वर्षं चिटणिसांचं ऐकत आल्या होत्या.

मग महाराज आले. रेसकोर्सवरून थेट आले होते, नाकाला रुमाल होता, डोळे लाल. मागे कागद घेतलेला कारकून.

"तू होतास ना तिथे?" राणीसाहेबांनी विचारलं. "तू सांग. कितवा आला?"

महाराजांनी चिटणिसांकडे पाहिलं. चिटणिसांचा पगार महाराज देत होते. चिटणिसांनी करंडक पाठीमागे नेला. महाराज एकदा शिंकले.

"आठवा, आई," ते म्हणाले.

राणीसाहेबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर दुःखही होतं आणि समाधानही होतं. "बघा," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांत पहिल्यांदा या घरात हिच्याशिवाय कोणी मला हरल्याचं सांगितलं. देवा, माझ्या पोराने सांगितलं." त्यांनी मुलाचा हात धरला आणि दुसऱ्या हाताने पेन मागितलं. सही कुठे करायची ते महाराजांनी बोट धरून दाखवलं.

सगळे गेल्यावर राणीसाहेबांनी बाईंना थांबवून घेतलं. "तुझ्यावर माझा राग नाही. बाकीचे पोटासाठी खोटं बोलतात. तू माझ्यावरच्या मायेने बोललीस."

बाईंना ते सहन झालं नाही. "नाही हो, आईसाहेब. मीही पोटासाठीच बोलले. दोन खोल्यांसाठी."

राणीसाहेबांनी चाचपत त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "पुरे गं," त्या मायेने म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून आता आणखी खोटं बोलू नकोस. उद्यापासून वाड्यातले अभ्रे धुवायला ये."

बाई परडी घेऊन मागच्या वाटेने पागेत आल्या. अंगणात नुसता कल्ला चालला होता. मोतद्दार एकमेकांना खांद्यावर घेत होते, कोणीतरी बादली वाजवत होतं. मधोमध सुस्त्या उभा होता, अर्धवट झोपेत. नालबंद त्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन शर्यतीचा हलका नाल काढत होते. बायकोला पाहून ते असे हसले की बाईंना लग्नाच्या वर्षीचा त्यांचा चेहरा आठवला.

"अगं, काय पळाला म्हणून सांगू! शेवटच्या वळणापर्यंत मी तर बघायचंच सोडून दिलं होतं." ते बोलता बोलता चिमट्याने खिळा उपटत होते. "तुला कळलंच असेल म्हणा. काय म्हणाल्या आईसाहेब?"

बाईंनी परडी खाली ठेवली.

"हरला," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"आपला घोडा. आठवा आला. सही झाली."

नालबंद मोठ्याने हसले. मग त्यांनी बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि सुस्त्याचा पाय सावकाश खाली ठेवला.